आडत्या बदलला, एवढंच

बस. आधी कानातली ती बोंडं काढ. कानउघाडणी करायची म्हणजे कान मोकळे पाहिजेत.

तोंड पाडू नकोस. पार्सल न्यायला गेलो की सर दोन शब्द सुनावणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तीन दिवस फिरकला नाहीस. बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, सकाळी लोणंद स्टेशनपर्यंत पाय मोकळे करावेत, दुपारी वाचत पडावं. झालं काय, तर मी या गल्लीचा हमाल झालो. ‘सर घरीच असतात’ म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझ्याच ओसरीचा पत्ता देऊन ठेवलात. परवा एका दिवसात नऊ खोकी आली. वर तो डिलिव्हरीवाला पोरगा मलाच विचारतो, ‘आजोबा, ओटीपी?’ मी म्हटलं, बाबा, मी जन्मभर उत्तरं विचारली, सांगितली कधी नाहीत.

खोक्यांचा मला राग नाही. ती ठेवायला ओसरी मोठी आहे. राग आहे तो गेल्या आठवड्यात बाजारपेठेत तू जे केलंस त्याचा. ‘मी काय केलं सर?’ हे नववीतलं तोंड आता चालणार नाही. तुला वाटलं कुणी बघत नाही. मी बघत होतो.

माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. नवा जोड घ्यायला मी तिथल्या चपलांच्या दुकानात, शाळेच्या बुटांच्या मांडणीआड स्टुलावर बसलो होतो. तू आलास, ड्युटीला घालायचे बूट दाखव म्हणालास. दुकानदार शिडीवर चढला. आठ नंबर काढला, तुला टोचला. दुसऱ्या कंपनीचा आठ काढला, तो करंगळीला लागला. मग तो खाली वाकला, गुडघा टेकून, आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून म्हणाला, ‘दिवसभर उभ्यानं काम आहे ना तुझं? संध्याकाळी पाय फुगतो. नऊच घे आणि लेस वरनं दोन भोकं जास्त ओवून बांध.’ तू दुकानात चार फेऱ्या मारल्यास. बूट बसला. छापील किंमत १,९९९, तो म्हणाला १,२५० दे. आणि तो पाणी प्यायला वळला तेवढ्यात तू खोक्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो काढलास. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणालास आणि निघालास.

घरी कुणाला विचारणार होतास रे? तुझ्या आईला बुटाचा मॉडेल नंबर कळतो?

तू गेल्यावर त्यानं तिन्ही जोडांत कागदाचे बोळे परत कोंबले, खोकी लावली, शिडीवर चढून जागच्या जागी ठेवली. वीस मिनिटं गेली असतील. एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, ‘रोजचंच आहे सर.’ हे ‘रोजचंच’ मला लागलं. तोही माझाच विद्यार्थी, तुझ्याआधी दहा वर्षांचा.

आता हिशेबाला ये. ॲपवर तो बूट १,१४९ ला होता ना? तुझ्या मोबाइलवर हिरव्या अक्षरांत ४२ टक्के सूट लिहिलं होतं. बरोबर आहे, १,९९९ मधनं ८५० गेले. पण १,२५० म्हणजे किती टक्के सूट? बोटं मोडू नकोस, तोंडी सांग. ७४९ गेले. साडेसदतीस टक्के. त्या माणसाकडं साडेसदतीस टक्के सूट होती आणि तू ती बघितलीसुद्धा नाहीस, कारण त्यानं हिरव्या अक्षरांत पाटी लावली नव्हती. छापील किंमत म्हणजे त्यापुढं घेता येत नाही तो आकडा; वस्तूची किंमत नव्हे. ही टक्केवारी मी तुला सातवीत शिकवली होती. सरळव्याज चुकलास तर मी समजू शकतो, हे नाही.

खरा फरक १०१ रुपयांचा. त्यासाठी त्याची वीस मिनिटं, त्याचा गुडघा आणि त्याची अक्कल फुकटात घेतलीस. आणि मागवताना तिथं लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’ असं आलं म्हणून रात्री अकराला घाईघाईनं बटण दाबलंस, हे तूच माझ्या नातवाला सांगितलंस. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत जादा वस्तू सरकवणं, अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांवर बंदी घातली. तुझ्या त्या दोन जोडांतली घाई खरी का खोटी, मी सांगू शकत नाही. पण बाजारपेठेतला दुकानदार ‘शेवटचाच पीस आहे’ म्हणाला की तू हसतोस, आणि मोबाइल तेच म्हणाला की अंथरुणातनं उठून बसतोस!

‘पण सर, मधला दलाल जातो ना, थेट कंपनीकडून येतं.’ म्हणालास ना हे मगाशी? थांब. हे मी नीट उलगडून सांगणार आहे, कारण हे वाक्य लोणंदच्या पोराच्या तोंडी ऐकून मला लाज वाटली.

ज्या मोठ्या ॲपांत परदेशी पैसा आहे, त्यांना आपल्या कायद्यानं स्वतःचा माल साठवून थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून तर असं आहे की, ज्या विक्रेत्यात त्यांची भागीदारी असेल त्याचा मालही त्यांच्या ॲपवर चालत नाही. मग ते करतात काय? विक्रेत्याला ओटा देतात, गिऱ्हाईक गोळा करतात, सौदा लावतात, पैसे आपल्याकडं घेतात, आपलं कमिशन कापतात, पोचवायची हमाली कापतात, आणि उरलेले विक्रेत्याच्या हातावर ठेवतात. अशा माणसाला आपल्या मार्केट यार्डात काय म्हणतात?

बोल की. कांदा बाजारात वाढलास तू. आडत्या म्हणतात.

दलाल गेला नाही, लेका. आडत्या बदलला, एवढंच. तिकडं माल विकणारा तोही कुठल्या तरी शहरातला दुकानदारच आहे, आणि त्याच्या पट्टीतनं काय काय कापलं जातं हे तुला कळलं तर तुझ्या बापाची पट्टी तुला बरी वाटेल. शेतकऱ्याच्या पट्टीतनं आडत कापू नका म्हणून किती वर्षं ओरड चालली होती. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा तुझा बाप पेढे घेऊन आला होता या ओसरीवर. आणि त्याचा पोरगा आज मला आडत्याचे गोडवे सांगतोय, फक्त त्याला आडत्या म्हणत नाही.

आता बापाचंच घे. गरवा कांदा काढला, पात कापली, निवडून गोल्टी बाजूला काढली, ट्रॉली भरून यार्डात आणली. लिलावाला माल ओतला. व्यापारी आला, मूठभर कांदा हातात घेऊन चोळला, पत्ती बघितली, मान दाबून बघितली, एखादा फोडून बघितला. बघू दे. तो त्याचा हक्कच आहे, कांदा न बघता कोण घेणार? पण समज त्या व्यापाऱ्यानं अर्धा तास ढीग उपसला, प्रत ठरवली, फोटो काढला, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाला आणि त्या प्रतीच्या जोरावर दुसऱ्याच बाजारात दुसऱ्याच्या मालाचा सौदा केला. तुझा बाप त्याला काय म्हणेल? माझ्यासमोर तो शब्द उच्चारू नकोस, मला माहीत आहे तो.

तेच तू केलंस. त्या दुकानदाराचा बूट तुला नको होता, तुला त्याच्याकडनं प्रत ठरवून हवी होती.

मी तुला ‘गावाचा पैसा गावात’ असलं भाषण देणार नाही. ते सभेत ठीक असतं. त्या बुटाच्या साडेबाराशेतले बरेचसे पुण्याला आणि पुढं कारखान्याकडंच जाणार, लोणंदमध्ये बूट पिकत नाहीत. जीएसटीही माल जिथं वापरला जातो त्या राज्याच्या हिशेबाला लागतो, तेव्हा कर बुडाला म्हणूनही मी गळा काढणार नाही. इथं उरतात ते दोनशे-अडीचशे. पण त्या उरलेल्यांतूनच त्या दुकानातल्या पोरीचा पगार निघतो. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला बक्षिसं हवी असली की मी पावतीपुस्तक घेऊन त्या उरलेल्यांच्याच दारात जायचो. तुला पाचवीत लांब उडीत मिळालेली ती कंपासपेटी कुणी दिली होती? विचार करून सांग. बाजारपेठेतल्या स्टेशनरीवाल्यानं. ते दुकान आता बंद आहे.

आणि खातं? तुमच्या घरचा किराणा अजूनही वहीवर चालतो ना? कांद्याची पट्टी आली की बाप खातं भागवतो, भाव पडला की पुढच्या हंगामावर ढकलतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं पिशवी भरून आणली ती कशावर? ‘लिहून ठेवा’ या दोन शब्दांवर. उधारी दुकानदाराच्या वहीत आणि रोकड ॲपच्या खात्यात, हा कुठला न्याय? माउलींची पालखी नीरा स्नान करून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा रात्री दोनला कुणा वारकऱ्याला पायाला बांधायची पट्टी नाही तर डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद लागतो. शटर वर करणारा कोण असतो ते तू बघितलं आहेस. तुझ्या मोबाइलवर त्या वेळी ‘परवापर्यंत पोचेल’ असं येतं.

आता मान वर कर. मी मागवत नाही असं म्हटलंय का मी? टेबलावरची ती दोन गणिताची पुस्तकं ऑनलाइनच आलीत. लोणंदला ती मिळत नाहीत, आणि त्यासाठी पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौक पालथा घालायचे माझे गुडघे राहिले नाहीत. माझ्या कानातल्या यंत्राचे सेलही येतात. इथं जे मिळत नाही ते मागव, खुशाल मागव. इथं कुणी लुबाडत असेल तर त्याच्या नाकावर टिच्चून मागव. पण मग सरळ मागव. दुकानाची पायरी चढू नकोस.

दुकानदारांची बाजू घेतोय असं वाटतंय तुला. त्या दिवशी तू गेल्यावर मी त्यालाही सोडलं नाही. त्याच्या भिंतीवर पाटी आहे, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मी विचारलं, तुझ्या बुटाचा सोल महिन्यात उसवला तरी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब माल परत न घेणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारात बसतात. १९१५ या हेल्पलाइनला कुणी फोन केला म्हणजे? तो म्हणाला, पाटी वडिलांच्या वेळची आहे. म्हटलं, मग तीही वडिलांबरोबर निवृत्त कर. बिल मागितलं की तोंड वाकडं, भाव बोललात की ‘परवडत नसेल तर राहू द्या’, हे बऱ्याच दुकानांत चालतं आणि तिथली गिऱ्हाइकं मोबाइलनं ओढून नेलेली नाहीत, यांनीच हाकललीत. साडेसदतीस टक्क्यांची पाटी का लावत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणतो, टक्के काढायला कुणाला येतात सर. मी तिथंच कान धरणार होतो, पण त्याची मुलगी गल्ल्यावर बसली होती.

आणि ऐक, परवाच्या नऊ खोक्यांत एक त्याचंही होतं. मिक्सर. त्याच्या दुकानासमोर भांड्यांचं आणि मिक्सरांचं दुकान आहे. ते न्यायला आला तेव्हा तोही असाच इथं, या पाटावर, तुझ्यासारखाच मान खाली घालून अर्धा तास बसला होता.

बरं. ऊठ, ते खोकं घे आणि इथंच फोड. कात्री खिडकीत आहे. फेकू नकोस तो कागद, मला पुस्तकांना घालायला लागतो. घाल बूट. दोन्ही. लेस वरनं ओव, दोन भोकं जास्त. आता तुळशीपर्यंत जाऊन ये.

टोचतो कुठं? करंगळीला?

नाही ना. टाच सैल? नाही. बसला. बसणारच, नंबर काढणाऱ्यानं गुडघा टेकून काढला होता.

पायातले काढू नकोस, तेच घालून जा. आणि जाताना बाजारपेठेतनं, त्याच्या दुकानावरनं जायचं. मागच्या गल्लीनं नाही.