जीर्णोद्धार आणि देखावा

जुनी वस्तू पुन्हा उभी करणे वेगळे आणि जुनी वस्तू नुसती नवी दाखविणे वेगळे. देवळाच्या बाबतीत हा भेद आपल्या मंडळींस समजावून सांगावा लागत नाही. वाळवीने पोखरलेल्या तुळईवर रंगाचा हात फिरवून मोकळा होणारा सुतार कोणतेही गाव दुसऱ्यांदा बोलावणार नाही. परंतु हाच भेद नित्याच्या व्यवहारातील एखाद्या वस्तूच्या ठायी उपस्थित झाला, की आपली दृष्टी सैल पडते; ‘चालायचेच’ असे म्हणून आपण पुढे जातो. म्हणून प्रस्तुत लेखात अशाच एका ऐहिक वस्तूचा, गंजलेल्या जुन्या मोटारगाडीचा, विचार करण्याचे योजिले आहे. वस्तू ऐहिक असली तरी तिच्यातून निघणारा प्रश्न सचोटीचा आहे.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. पुढे १९७४ च्या सुमारास तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. गोव्यात, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात कित्येक घरांच्या मागील अंगणात अशी एखादी गाडी पत्र्याच्या आडोशाखाली उभी असते. वडिलांनी किंवा काकांनी हौसेने घेतलेली, आणि आता कोंबड्यांच्या आसऱ्याची जागा झालेली! घरातील एखादा तरुण तिच्याकडे पाहतो आणि ती पुन्हा चालती करण्याचे मनात आणतो. तो मेकॅनिक नसतो. पगार बेताचा, त्यातून घरखर्च भागवून उरणारी शिल्लक त्याहून बेताची. अशा तरुणापुढे जो पहिला मोह उभा राहतो, त्याचे नाव पुट्टी.

पुट्टी म्हणजे पत्र्यावरील खळगा भरून काढण्याचा लेप. घासून गुळगुळीत केलेल्या, निरोगी पत्र्यावर तिचा पातळ हात देण्यात काहीच गैर नाही. पण गंजाने चाळण झालेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वर झकास रंग मारला, तर चार दिवस गाडी नव्यासारखी दिसते आणि आत गंज आपले काम करीतच राहतो. लोखंडाचा गंज ही एकदाच घडून थांबणारी गोष्ट नव्हे. लोखंड, प्राणवायू आणि पाणी ह्यांच्या संयोगाने तो तयार होतो. मूळ धातूपेक्षा तो अधिक जागा व्यापतो, म्हणून फुगतो व पापुद्र्यांनी सुटतो. त्याचे कवच सच्छिद्र असल्याने खालच्या लोखंडाला संरक्षण मिळत नाही. त्यातच समुद्राकाठची खारी हवा असेल तर त्याचा वेग वाढतो. पुट्टी स्वतःही ओलावा धरून ठेवते. म्हणजे जे झाकण म्हणून घातले, तेच रोगाला पाणी पुरवीत बसते.

ह्या गाडीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जीपगाडीप्रमाणे तिला खाली वेगळी मजबूत चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा आहे. दरवाज्यांखालचे पोकळ पट्टे आणि तळाचा पत्रा गाडीचा भार वाहतात. ते कुजले, तर केवळ गाडीची शोभा जात नाही, तिचा कणाच जातो. अशा गाडीत उद्या वृद्ध आई बसेल, शेजाऱ्याची मुले बसतील, किंवा चकचकीत रंगावर भाळून एखादा अनोळखी गृहस्थ ती विकत घेईल. त्यांपैकी कोणालाही रंगाखाली काय आहे हे दिसत नाही. ज्याने लेप लावला, त्याला मात्र ते ठाऊक असते. तोंडाने एकही शब्द न उच्चारता असत्य बोलता येते, ते असे.

येथे कोणी म्हणेल, “सचोटीचे हे बोल पैसेवाल्यांना शोभतात. गरिबाने नवा पत्रा आणावा कोठून?” हा आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याचे उत्तर व्यवहारातूनच दिले पाहिजे. गंज काढण्याचे जे उत्तम उपाय आहेत, त्यांतील बरेच स्वस्त आहेत. त्यांना पैशापेक्षा वेळ अधिक लागतो. उसाची मळी साधारण नऊपट पाण्यात मिसळून तीत गंजलेले सुटे लोखंडी भाग बुडवून ठेवले, तर दोन-तीन आठवड्यांत गंज सुटून येतो आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून बॅटरीच्या चार्जरने वीज सोडूनही गंज उतरविता येतो. मात्र त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि त्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नये, कारण तीमुळे पाण्यात विषारी द्रव्ये उतरतात. मोठ्या पत्र्यासाठी तारेचा ब्रश व फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण आहेच. हे आम्ल गंजाचे लोह-फॉस्फेटात रूपांतर करते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे टिकला, त्याचे एक प्रमुख कारण त्याच्या लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर बसलेला असाच संरक्षक थर हे होय.

तात्पर्य, तुटपुंज्या पैशाने सचोटी अशक्य होत नाही. ती फक्त सावकाश होते. खरा प्रश्न आहे तो क्रमाचा. ज्याच्याजवळ थोडे आहे, त्याने ते आधी कोठे खर्च करावे? पहिला मान ब्रेकचा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्यामुळे आतील सिलिंडर गंजतात आणि रबरी कप निकामी होतात. दुसरा मान सांगाड्याचा. येथे नवशिक्याने स्वतःची मर्यादा ओळखावी: भार वाहणाऱ्या भागाचे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे, आणि त्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवावी. त्यानंतर विजेच्या तारा व इंजिन. अडकून बसलेले १०८९ घनसेंटीमीटरचे ते छोटे इंजिन जोर लावून फिरविण्यापेक्षा सिलिंडरात तेल सोडून काही दिवस थांबावे, हे श्रेयस्कर. आणि रंग सर्वांत शेवटी. ब्रेक निर्दोष आणि अंगावर तांबड्या प्रायमरचे ठिगळ, अशी गाडी गल्लीतून गेली तर लोक हसतील; त्यांना हसू द्यावे. चकाकणारी आणि थांबता न येणारी गाडी पाहून हसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

आता एक सूक्ष्म प्रश्न उरतो. तळ बदलला, दरवाजा दुसऱ्या गाडीचा बसविला, इंजिनाचे निम्मे भाग नवे घातले. मग ही ‘वडिलांची गाडी’ राहिली काय? प्रश्न नवा नाही. मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो आणि अखेरीस मान्य करतो की, ह्या सर्व अंगांच्या आधाराने रथ हे केवळ नाव व्यवहारात चालते. ग्रीक लेखक प्लूटार्क थीसियसच्या जहाजाची हकीकत सांगतो. अथेन्सचे लोक त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवीत, आणि ते तेच जहाज की नवे, ह्यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत. इंग्लंडच्या हॉब्जने १६५५ मध्ये त्यात पेच वाढविला: काढलेल्या सर्व जुन्या फळ्या जपून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

ह्या वादाचा निकाल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आपल्या कामापुरते एवढे म्हणता येते की, वस्तूची ओळख तिच्या पत्र्यात जितकी असते, तितकीच तिच्या अखंड चाललेल्या हिशोबात असते. सरकारही गाडीला चासी व इंजिन यांच्या क्रमांकावरून ओळखते. भारत सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा व इंजिन यांत भरीव फेरफार नसावा, अशी अट आहे. स्मारकांच्या रक्षणासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी तत्त्वे ठरली, त्यांतही हेच सांगितले आहे की, जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, तरी तो जुना म्हणून खपू नये.

म्हणून नवशिक्याने पहिल्या दिवशी पान्याबरोबर एक वही घ्यावी. काय काढले, काय घातले, कोठून आणले, कोणत्या तारखेस, किती रुपयांस, हे सर्व तीत लिहावे. पुट्टी जेथे वापरली, तेही लिहावे. अशी वही असली की दुसऱ्या गाडीचा दरवाजा बसविणे ही फसवणूक राहत नाही. तो उपकार म्हणून नोंदला जातो. पुढे गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर वहीही तिच्याबरोबर जावी.

अखेरीस घराविषयी एक शब्द. जुन्या वस्तूवरील प्रेम आणि मोह ह्यांच्यामधील भिंत पातळ असते. बहिणीच्या फीचे पैसे कार्बोरेटरमध्ये गेले, तर तो जीर्णोद्धार नव्हे. दरमहा किती खर्च करावयाचा, हे काम सुरू करण्यापूर्वी घरच्यांसमक्ष ठरवावे आणि ती मर्यादा ओलांडू नये. तपासणीत सांगाडाच निकामी निघाला, तर ते मान्य करून तिचे चांगले भाग दुसऱ्या गाडीस द्यावेत. तिच्या काचा, तिचे दिवे, तिचे गिअर कोठेतरी चालत राहतील. वडिलांच्या गाडीची आठवण त्याने पुसली जाणार नाही, आणि कोणाच्या जिवाला धोकाही होणार नाही.

ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे, त्यांनी येत्या रविवारी तिच्या तळाचा पत्रा लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावा. जेथे खणखणीत आवाज येईल तेथे समाधान मानावे. जेथे भद्द आवाज येईल, तेथून कामास प्रारंभ करावा.