वाटेची शिदोरी

सामान्य काळातील एकोणिसावा रविवार (वर्ष ब)



आजच्या पहिल्या वाचनातला एलिया आपल्या नेहमीच्या ओळखीचा नाही. कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला एलिया आपल्याला ठाऊक आहे. आज मात्र तोच माणूस ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला आहे. रानात एका झुडपाखाली तो बसतो आणि देवाला सांगतो की आता पुरे, मला मरण दे. देवाची माणसे असे बोलत नसतील असे आपल्याला वाटते. पवित्र शास्त्र मात्र ते लपवून ठेवत नाही.

या वाचनावर आम्ही अनेकदा प्रवचन दिले आहे. ते जरासे उमगले ते आयर्लंडमधल्या एका डोंगरावर, आणि तेही अर्ध्या वाटेत.

आमचा पुतण्या आयर्लंडमध्ये राहतो. सूनबाई तिथे परिचारिका आहे. त्यांना दोन मुले, मुलगा बारा वर्षांचा आणि धाकटी सात वर्षांची. जुलैमध्ये आम्ही त्यांच्याकडे होतो. पुतण्याच्या मनात क्रोग पॅट्रिक डोंगर चढायचा होता. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो काउंटीत, अटलांटिक महासागराच्या अगदी काठावर हा डोंगर उभा आहे. उंची ७६४ मीटर, म्हणजे आपल्या तुंगारेश्वरच्या डोंगराहून थोडी अधिकच. पाचव्या शतकात संत पॅट्रिकने या डोंगरावर चाळीस दिवस उपवास आणि प्रार्थना केली अशी परंपरा आहे. दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही जण अनवाणी. माथ्यावर १९०५ साली बांधलेले छोटे चॅपल आहे. आम्ही गर्दीचा रविवार टाळून मधल्या वारी गेलो.

मरिस्क गावातून वाट सुरू होते. पायथ्याशी संत पॅट्रिकचा पांढरा पुतळा आहे, तिथे साधारण सगळेच क्षणभर थांबतात. मग ओढ्याच्या कडेने दगडगोट्यांची चढण. मेंढ्या इतक्या बिनधास्त की माणसाला वाट देत नाहीत. तासाभराने खिंडीवर पोहोचलो आणि मागे वळून पाहिले, तर खाली क्लू बे नावाची खाडी पसरली होती आणि तिच्यात असंख्य हिरवी बेटे. वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ बेटे आहेत असे तिथले लोक सांगतात. मुलगा मोजायला लागला आणि चाळिसाच्या आसपास चुकला.

खिंडीच्या टोकाला डोंगराचा खरा सुळका सुरू होतो. तिथला चढ उभा आहे आणि दगड निसरडे. अलीकडे दगड बसवून वाट बरीच दुरुस्त केली आहे, तरी सोपी नाही. समुद्राकडून धुके चढू लागले, माथा दिसेनासा झाला, आणि धाकटी खाली बसली. पाय दुखतात, मी येणार नाही. पुतण्या तिच्यावर ओरडला. इतका की वरून उतरणारे एक वृद्ध जोडपे थबकले. सूनबाई हळूच आम्हाला म्हणाली, “फादरकाका, त्यांनी बाबांसाठी नवस केलाय. माथ्यावर जायचंच आहे त्यांना.”

बाबा म्हणजे आमचे थोरले बंधू. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. मुलाला येता आले नाही. वडिलांची माती त्याने मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. त्यानंतर तो मिस्साला जात होता, पण ख्रिस्तप्रसाद घेत नव्हता. हे आम्हाला ठाऊक होते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. घरच्या माणसाला विचारणे धर्मगुरूलाही जड जाते.

आम्ही सगळे बसलो. सूनबाईने पिशवी उघडली. तिच्यात आम्ही गावाहून नेलेली सुकेळी होती. वहिनींनी स्वतः राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधून दिली होती. पुतण्याने पुडी हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, “आपल्या वाडीतली?” आम्ही मान हलवली. त्याने तुकडे करून सगळ्यांना दिले. धाकटीला सर्वांत मोठा.

खाता खाता तो म्हणाला, “फादरकाका, बाबांना शेवटी ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही ना? घरात धर्मगुरू असून.”

सांगण्यासारखे पुष्कळ होते. तेल आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो होतो, आत सोडले नाही. मार्च २०२० मध्येच रोमने आजारी पडलेल्यांना पूर्ण दंडमाफी दिली होती आणि शेवटच्या संस्कारांवाचून जाणाऱ्यांना देवाच्या दयेवर सोपवून त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. हे सगळे खरे आहे, आणि त्यावर आमचा विश्वास आहे. पण त्याआधीचेही एक सत्य होते. रुग्णालयात नेण्यापूर्वी बंधू चार दिवस घरीच तापाने पडून होते. आम्ही जाऊ शकलो असतो. ‘फादर संस्कार घेऊन आले म्हणजे आता शेवट’ असे वाटून ते घाबरतील, म्हणून आम्ही फोनवरच विचारपूस केली. ते त्याला तिथे दगडांवर बसून प्रथमच सांगितले आणि त्याची क्षमा मागितली.

तो काही बोलला नाही. बराच वेळ धुक्याकडे पाहत राहिला.

आता एलियाकडे या. त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही, काल तर एवढा पराक्रम केलास असे सुनावलेही नाही. देवदूताने त्याला स्पर्श केला आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होते. एलियाने खाल्ले आणि तो परत झोपला! ही ओळ वाचताना आपण घाई करतो. देवाने त्याला झोपू दिले. देवदूत दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला की तुझ्या ताकदीपेक्षा वाट लांब आहे, म्हणून खा. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालला. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू ज्या भाकरीविषयी बोलतो ती हीच, पण आता तो स्वतःच भाकर झाला आहे. मरणाच्या दारातल्या माणसाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला ख्रिस्तसभा जुन्या काळापासून ‘वाटेची शिदोरी’ म्हणते. शिदोरी वाट संपल्यावर देत नाहीत. भुकेल्याला चालता यावे म्हणून देतात.

आम्ही बसलो होतो तिथेच भाविकांचे पहिले स्थान आहे, दगडांची एक रास. तिला बेनानचे नाव आहे. बेनान हा पॅट्रिकचा शिष्य. लहानपणी त्याने पॅट्रिकचे पाय धरून ठेवले, सोडीनाच, अशी कथा सांगतात. त्या राशीभोवती सात फेऱ्या घालायच्या, सात वेळा प्रभूची प्रार्थना, सात वेळा नमो मरिया आणि एकदा प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायचा. पुतण्या उठला, धाकटीचा हात धरला आणि फेऱ्या घालू लागला. मागोमाग आम्ही तिघे. चौथ्या फेरीला धाकटीने त्याला विचारले, आजोबांसाठी ना? तो म्हणाला, हो.

माथ्यावर आम्ही गेलो नाही. नवसाचे काय, असे मुलाने विचारले. पुतण्याने धाकटीला खांद्यावर घेतले आणि उतरायला लागला. पुढल्या रविवारी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये रांगेत तो आमच्यासमोर उभा राहिला. आमचा हात थरथरला, हे कबूल करतो.

या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली माणसे किती, याची यादी आमच्याकडे अपुरी आहे. घरचे लोक सांगत नाहीत, आणि कारण तेच, म्हातारे माणूस घाबरेल. आज मिस्सानंतर साक्रिस्तीत वही ठेवली आहे. नाव आणि घराचा पत्ता लिहा. ताप दोन दिवसांचा असला तरी लिहा. येत्या शुक्रवारपासून ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही घरोघरी येऊ.