गावाने कुणाला नको म्हणावं?

आपटा हे पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेकाठचं गाव. समजा, उद्या इथे घरापासून तुटलेल्या, बिघडलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी बालगृह काढायचं ठरलं आणि गाव विरोधात उभं राहिलं. तर त्या विरोधाचं काय करायचं? गावातच आयुष्य काढलेले काका आणि समाजकार्य शिकलेली त्यांची पुतणी यांच्यातला हा कल्पित संवाद.

काका: मी ठरावावर सही करणार. रिमांड होम आमच्या गावात नको.

पुतणी: काका, आधी हे वेगळं करूया. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांच्यासाठी निरीक्षणगृह असतं आणि ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. बालगृहात बालकल्याण समिती मुलं पाठवते. कुणी घरातून पळालेलं असतं, कुणाला घरात मार बसत असतो, कुणाला घरच नसतं.

काका: कागदावर वेगळं असेल. पंधरा वर्षांचा, रस्त्यावर वाढलेला, नशेची सवय लागलेला मुलगा दोन्हीकडे सापडेल. खोटं बोलू नकोस.

पुतणी: नाही बोलत. सापडेल.

काका: मग माझी भीती खोटी कशी?

पुतणी: खोटी म्हणणार नाही. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी 2007 मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. 2009 मध्ये ती मुलं गावच्या शाळेत आली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवायचं थांबवलं. ती भीती खोटी होती. वर्गात शेजारी बसून एचआयव्ही होत नाही, हे समजावून सांगता येत होतं. तुमची भीती तशी पुसून टाकता येणार नाही. एखादा मुलगा खरंच चोरी करेल, मारामारी करेल. पण तो मुलगा आजही कुठेतरी आहेच ना? पनवेल स्टेशनवर असेल, पुलाखाली असेल. बालगृह बांधलं म्हणून तो जन्माला येत नाही. आज त्याच्यावर कुणाचं लक्ष नाही, उद्या असेल.

काका: हे पटतं, पण अर्धंच. तो पनवेलमध्ये फिरतो तेव्हा त्याचा त्रास लाखो लोकांत वाटला जातो. अशी पन्नास मुलं इथे आणलीत की सगळा भार एका गावावर. आणि नेहमी आमच्यावरच का? 1970 नंतर नवी मुंबईसाठी याच तालुक्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या. शेजारी रसायनीला कारखाने आले. शहराला जे जवळ नको, ते इकडे ढकलायचं.

पुतणी: कारखान्याचं सांडपाणी आणि माणसाचं मूल एकाच यादीत बसवणार तुम्ही?

काका: मुलाला नाही बसवत. निर्णय घ्यायची पद्धत तीच आहे, एवढंच म्हणतोय. आधी ठरवायचं, मग कळवायचं.

पुतणी: यात तुमचं बरोबर आहे. बाल न्याय कायदा 2015 चा. त्याच्या कलम 41 प्रमाणे संस्थेची नोंदणी राज्य सरकार करतं, ग्रामसभेचा ठराव ही त्यात अट नाही. पण कायद्याने विचारायची सक्ती केली नाही म्हणजे न विचारणं योग्य ठरत नाही. आणि एका जागी पन्नास मुलं कोंडण्यालाही माझा विरोध आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तोच कायदा सांगतो. ठेवायचंच तर घरं लहान हवीत, आणि ती अनेक गावांत हवीत.

काका: म्हणजे आमचा विरोध योग्य?

पुतणी: पद्धतीला विरोध योग्य. पण 'ही मुलंच नकोत' हा ठराव वेगळा आहे. प्रत्येक गावाने तो केला, तर त्या मुलांना जायला जागा कुठे उरते? जो ठराव सगळ्यांनी केला तर मूल रस्त्यावरच राहतं, तो एका गावाने तरी कसा करावा?

काका: आणि आमच्या पोरींचं काही बरंवाईट झालं तर? 'तत्त्व बरोबर होतं' असं त्यांच्या आईला सांगणार का तू?

पुतणी: नाही सांगू शकत. म्हणूनच म्हणते, गावाने नजर ठेवावी. फक्त ती कुठे ठेवायची, ते बदला. कळंबोलीचं प्रकरण आठवतं? गतिमंद मुलींची संस्था.

काका: कसं विसरेन. 2011 ला उघडकीस आलं. इथून फार लांब नाही.

पुतणी: तिथे गावाला मुलींपासून धोका नव्हता. मुलींना संस्थेपासून होता. 2013 मध्ये न्यायालयाने संस्थेच्या चालकालाच दोषी ठरवलं. अत्याचार चालू होते, तेव्हा बाहेर रस्त्याने माणसं जात-येत होती. 'त्यांचं ते बघतील' म्हणून सगळे दूर राहिले की भिंतीआड काहीही होऊ शकतं. आणि आत मार खाल्लेला मुलगा बाहेर आल्यावर कसा वागेल? तुमची सुरक्षितता आणि त्याची सुरक्षितता एकमेकींना बांधलेल्या आहेत.

काका: मग तपासणी कोण करतं?

पुतणी: कलम 54 प्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांत एकदा तरी भेट द्यायची. किमान तीन सदस्य, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. आठवड्यात अहवाल द्यायचा.

काका: द्यायचा. दिला की नाही, कुणी बघायचं?

पुतणी: तुम्ही. ग्रामसभेने विचारायचं. समिती आली का? मुलांशी एकांतात बोलली का? रात्री किती कर्मचारी असतात? समुपदेशक आहे का? मुलं गावच्या शाळेत जातात का?

काका: आणि कोणत्या मुलाने आधी काय केलंय?

पुतणी: ते नाही. मुलाची ओळख उघड करायला कलम 74 ने बंदी आहे.

काका: माझ्या दाराशी राहणाऱ्याचं मागचं मला कळायला नको?

पुतणी: ते सांभाळणाऱ्याला कळायला हवं. गावाला कळलं तर तो मुलगा मरेपर्यंत 'तो चोर' राहील. सुधारायची संधी द्यायची आणि जुनं पुस्तक चावडीवर वाचायचं, हे दोन्ही एकदम होत नाही.

काका: हे मला जड जाईल. तरी ऐक. माझी भीती कमी झालेली नाही. पण माझी भीती शमावी म्हणून एका मुलाला रस्त्यावरच ठेवा, असं सांगायचा हक्क मला आहे, असं आता वाटत नाही. कोण येणार ते गावाने ठरवू नये. कसं चालणार ते गावाने विचारावं, आणि दर तीन महिन्यांनी संस्थेच्या माणसाने ग्रामसभेत उभं राहून उत्तर द्यावं. या अटीवर मी ठराव बदलायला सांगेन. उत्तर मिळालं नाही, तर मात्र पुन्हा विरोध करेन.

पुतणी: तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलेन, काका. त्या मुलांसाठीच.