आवडीचं काम, बिनहिशेबी रात्री

ऑक्टोबर 2023मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की भारतीय तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करायला हवं. दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा आणि जपानचा. जानेवारी 2025मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा 90वर नेला. दोन्ही वेळा भरपूर वादंग झाला, पण तो तासांवर झाला. जपानचा दाखला तसाच मान्य झाला. जपानी माणूस कष्टाळू, देशासाठी राबणारा, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे, की त्या राबण्याबद्दल खुद्द जपानी लोक काय बोलतात, हे विचारावंसं कोणाला वाटत नाही.

ते बोलणं ऐकायला श्रम मंत्रालयाचे अहवाल आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत. आणि, अनेकांना पटणार नाही, पण 2016 सालची एक गोडगुलाबी अ‍ॅनिमे मालिकाही आहे.

‘न्यू गेम!’ ही मूळची तोकुनो शोतारो यांची मांगा, म्हणजे चित्रकथा. चार-चार चौकटींची ही कथा होउबुन्शा प्रकाशनाच्या ‘मांगा टाइम किरारा कॅरट’ या मासिकात 2013 ते 2021 अशी चालली. दोगा कोबो या स्टुडिओनं तिची अ‍ॅनिमे केली, दिग्दर्शक फुजिवारा योशियुकी. जुलै ते सप्टेंबर 2016 या काळात 12 भाग आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत आणखी 12. सुझुकाझे आओबा ही मुलगी बारावी संपवून थेट ‘ईगल जंप’ नावाच्या व्हिडिओ गेम कंपनीत लागते. शाळकरी वयात तिनं जीव लावलेला ‘फेअरीज स्टोरी’ हा गेम याच कंपनीचा. त्यातली पात्रं जिनं घडवली, ती यागामी को आता तिची वरिष्ठ आहे. पात्रांचे त्रिमित साचे करणारी, हालचाली बसवणारी, प्रोग्रॅम लिहिणारी, चुका शोधणारी, अशी सगळी टीम मुलींची. कार्यालयात पुरुष दिसतच नाही.

मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप इथूनच सुरू होतो. गेमचा धंदा पुरुषांचा आणि त्यात बायकांचं जगणं कठीण, हे जगाला ठाऊक आहे. 2021मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डवर लैंगिक छळ आणि भेदभावाचा दावा लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस रायट गेम्सनं अशाच दाव्यात 10 कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. अशा धंद्यातून पुरुष पुसून टाकायचे आणि उरलेल्या मुलींना चहा-केक खायला बसवायचं, ही सरळ फसवणूक आहे, असं आक्षेपकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. ‘किरारा’ मासिकांचा वाचक प्रामुख्यानं तरुण पुरुष आहे आणि मालिकेतल्या आंघोळीच्या प्रसंगांत कॅमेरा कोणासाठी फिरतो, हे लपत नाही. ईगल जंपची दिग्दर्शिका हाझुकी गोड दिसणाऱ्या मुलींवर लुब्ध असते, ही तर मालिकेतली कायमची गंमत. तीच गंमत एखाद्या पुरुष अधिकाऱ्याच्या नावावर असती, तर प्रेक्षक हसले नसते. तिथं हसायचं काहीच नाही.

पण याच आक्षेपात एक गृहीतक दडलेलं आहे: धंद्यातलं दुखणं पुरुषांमुळे आहे, पुरुष काढले की दुखणं संपतं, म्हणून मालिका दुखणं लपवते. प्रत्यक्षात मालिका पुरुष काढते आणि दुखणं जागेवरच राहतं.

सुरुवातीच्याच एका सकाळी आओबा लवकर कामावर येते. कार्यालय रिकामं असतं. कण्हण्याचा आवाज येतो, ती घाबरत टेबलामागे डोकावते, तर यागामी को जमिनीवर झोपलेली. रात्री घरी गेलेलीच नाही, आणि अंगावर पुरते कपडेही नाहीत. प्रसंग विनोदी केलेला आहे, अंतर्वस्त्रांवर कॅमेरा रेंगाळतो. तरीही त्या चौकटीत काय आहे ते पाहावं. कंपनीतली सर्वांत नाणावलेली कलावंत रात्रभर काम करून जमिनीवर पडली आहे, आणि नवीन मुलीच्या नोकरीतल्या अगदी पहिल्या धड्यांपैकी तो एक आहे. पुढे गेम बाजारात येण्याची तारीख जवळ येते, तसा मुक्काम सगळ्यांच्याच वाट्याला येतो. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत ज्याला ‘नाइट मारणं’ म्हणतात, तेच. गणपती मंडळाच्या मांडवात आदल्या रात्री जागणाऱ्या कार्यकर्त्यांचा उत्साह त्या मुलींच्या चेहऱ्यावर असतो. कोणी रागावलेलं नाही, कोणावर सक्ती नाही.

ही सक्ती नसणं कसं घडतं, याचा सर्वांत नेमका उलगडा तोक्यो विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ होंदा युकी यांनी केला आहे. मालिकेच्या नऊ वर्षं आधी, 2007मध्ये, त्यांनी कामातल्या समाधानाच्या शोषणाचा सिद्धांत मांडला. त्याच्या मुळाशी आबे मासाहिरो या तरुण संशोधकाचं काम होतं. आबे स्वतः तोक्योत मोटारसायकलवरून कागदपत्रं पोचवणारा कुरिअर झाला आणि त्यावर 2006मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. ही मुलं गाडीच्या वेडापायी या कामात येत. पैसे फेरीगणिक मिळत. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त पैसे आणि जास्त मान, म्हणून ती गर्दीतून जिवावर उदार होऊन गाडी काढत. वेगात चालवा असं मालकानं सांगायची गरज नव्हती. अपघात झाला की जखम त्यांची.

होंदा यांनी यातून चार धागे वेगळे केले. छंद हेच काम झालेलं असणं. कामात खेळासारखी चुरस असणं. आपण कोणाची तरी सेवा करतो, अशी भावना असणं. आणि सहकाऱ्यांचं मंडळ, कधी पंथ म्हणावा इतकं घट्ट, भोवती असणं. यांतला एखादा धागा जरी पक्का विणला, तरी माणूस कमी पैशात, असुरक्षित नोकरीत, आपणहून जादा राबतो. त्यांचा रोख कामगारांच्या भाबडेपणावर नव्हता. ही वीण घालणारे मालक आणि ती फायद्याची ठरवणारी व्यवस्था यांच्यावर होता. जपानमध्ये त्या काळात कायम नोकऱ्या आटत होत्या आणि तरुणांवर आळशीपणाचा शिक्का मारला जात होता. त्या शिक्क्याला होंदा यांनी दिलेलं हे उत्तर होतं. आजच्या भारतात 70 तासांचा उपदेश करणाऱ्यांनी आधी वाचावं, ते हे. तिथले तरुण आळशी नव्हते. त्यांना स्वतःच्याच आवडीला जुंपलं होतं.

ईगल जंपमध्ये चारही धागे हाताला लागतात. आओबाचा लहानपणचा छंद हीच तिची नोकरी आहे. तिला पहिलं काम मिळतं ते गेममधल्या किरकोळ गावकऱ्यांचं. को तिचा साचा परत पाठवते, आओबा सुधारते, को पुन्हा परत पाठवते. हे चक्र खेळातल्या एकेक पातळीसारखं रंगत जातं. गेमची वाट पाहणारे चाहते म्हणजे सेवेचं दैवत. आणि मंडळ तर ही मालिकाच आहे: सहकाऱ्यांबरोबरची मद्याची मैफल, वाढदिवस, एकमेकींच्या खोड्या. आओबा दोन्ही मुठी आवळून दिवसभर जोमानं राबायचा निर्धार करते, ती चौकट जपानी इंटरनेटवर प्रचंड पसरली. कामावर जायला जिवावर येणाऱ्या अनेकांनी ती एकमेकांना पाठवली.

इथवर होंदा यांचा सिद्धांत मालिकेला चपखल बसतो, आणि मालिका म्हणजे मालकांची जाहिरात, असा निकाल देऊन मोकळं होता येतं. अडचण दहाव्या भागापाशी येते. त्या भागाचं शीर्षकच असं आहे, की कायम कर्मचारी करणं ही पगार कमी ठेवण्यासाठी कायद्यात काढलेली पळवाट आहे. पहिल्या पगाराचा भाग आहे, किती रात्री मुक्काम करावा लागणार असं विचारणारा भाग आहे. म्हणजे या मुलींना ठाऊक आहे. जाणीव झाली की माणूस सुटतो, अशी एक आशा शोषणाच्या प्रत्येक सिद्धांतात असते. ‘न्यू गेम!’ ती आशा मोडते. आओबाला पळवाट कळते, ती हसते आणि पुन्हा कामाला बसते.

दुसऱ्या सत्रात हे अधिक बोचरं होतं. नव्या गेमच्या पात्रांची मूळ कल्पना आओबाची. साहजिकच मुख्य चित्र, म्हणजे जाहिरातीत आणि खोक्यावर झळकणारं, तिनं काढायला हवं. पण पैसे घालणाऱ्या प्रकाशक कंपनीला यागामी को हवी, कारण कोचं नाव खपतं. आओबाला कोणी ओळखत नाही. आओबा चुरस मागते. निकाल आधीच ठरलेला आहे हे तिला ठाऊक आहे, कोलाही ठाऊक आहे, तरी दोघी जीव ओतून चित्रं काढतात. निवड कोच्या चित्राची होते. या कथेत खलनायक नाही. प्रकाशकाची प्रतिनिधीसुद्धा वाईट बाई नाही. धंद्याचं गणित एवढंच, की कल्पना एकीची आणि नाव दुसरीचं. पुरुष अधिकारी आणून ही गोष्ट इतकी स्वच्छ दाखवता आली नसती. सगळा दोष त्याच्या माथी मारून प्रेक्षक मोकळे झाले असते.

नावाचा हा प्रश्न या धंद्यात जुना आहे. 1980च्या दशकात जपानी कंपन्या आपले कलावंत प्रतिस्पर्ध्यांनी पळवू नयेत म्हणून श्रेयनामावलीत खरी नावं छापू देत नसत. कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’चं संगीत करणाऱ्या मात्सुमाए मानामी यांचं नाव टोपणनावानं आलं. कोदामा रिएको 1984मध्ये सेगात लागल्या, ‘फँटसी स्टार’च्या चित्रांमागे आणि पुढे त्या मालिकेच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता, पण खेळणाऱ्या मुलांना पडद्यावर दिसली ती ‘फीनिक्स रिए’. कोदामा मे 2022मध्ये वारल्या. जगाला ते कळलं ऑक्टोबरमध्ये, ‘मेगा ड्राइव्ह मिनी 2’ या यंत्राच्या श्रेयनामावलीत त्यांना वाहिलेली श्रद्धांजली दिसली तेव्हा. बायका या धंद्यात नव्हत्या, हे खरंच नाही. त्यांची नावं पडद्यावर नव्हती. निन्टेन्डोच्या क्योगोकू आया 2020मध्ये ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’च्या दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावानं झळकल्या, तेव्हा कोदामा सेगात लागल्याला 36 वर्षं झाली होती.

आता मालिकेच्या खऱ्या उणिवेकडे यावं लागतं, आणि ती पुरुष नसण्याची नाही. तिथं कोणी कोसळत नाही. पहिल्या सत्राचा शेवटचा भाग 19 सप्टेंबर 2016 रोजी दाखवला गेला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला तोक्योच्या श्रम कार्यालयानं एक निर्णय दिला: देन्त्सू या बलाढ्य जाहिरात कंपनीतल्या 24 वर्षांच्या मुलीनं 2015च्या नाताळच्या दिवशी केलेली आत्महत्या अतिश्रमामुळे झाली. तिचा एका महिन्यातला ओव्हरटाइम सुमारे 105 तासांचा होता. तीही नव्यानंच नोकरीला लागली होती. मालिकेचं दुसरं सत्र संपून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा, ऑक्टोबर 2017मध्ये, न्यायालयानं देन्त्सूला दंड केला 5 लाख येन. त्यानंतर 2018मध्ये जपाननं कायदा बदलला आणि ओव्हरटाइमला पहिल्यांदाच शिक्षेसह मर्यादा घातली. तीही अशी, की धामधुमीच्या महिन्यात 100 तासांच्या जरा आतपर्यंत मुभा. 100 तास ही श्रम मंत्रालयाचीच अतिश्रमानं मृत्यूची सीमारेषा आहे. माणसं गमावलेल्या कुटुंबांनी याला जाहीर विरोध केला. मूर्तींच्या मुलाखतीतल्या जपानमध्ये ही कुटुंबं नाहीत.

ईगल जंपमध्येही कुटुंब जवळपास नाही. टेबलापाशी झोपणाऱ्या कोची घरी वाट पाहणारं कोणी दिसत नाही. 2004मध्ये अमेरिकेत एरिन हॉफमन या तरुणीनं आधी नाव न देता एक पत्र प्रसिद्ध केलं. तिचा जोडीदार इलेक्ट्रॉनिक आर्ट्समध्ये गेम बनवत होता आणि घरी येत होता तो फक्त कोसळायला. त्या पत्रानं जगभर खळबळ उडाली. कंपनीच्या चित्रकारांनी ओव्हरटाइमसाठी लावलेला दावा 1 कोटी 56 लाख डॉलरना मिटला. खर्च कोणाच्या घरावर पडतो, हे त्या पत्रानं उघड केलं. मालिका मात्र घराचं दार उघडतच नाही.

यावर एक उत्तर देता येतं, की मनापासून केलेल्या कामात तास मोजायचे नसतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण त्यासाठी चालण्यासारखं आहे. श्रुती घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘राजी’ हा गेम काढायचं ठरवलं. 2017मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले नाहीत, सहसंस्थापक अविचल सिंग यांनी फ्लॅट विकला, आणि 2020मध्ये गेम जगभर पोचला. भावाला शोधत निघालेल्या एका भटक्या डोंबारी मुलीची ती कथा पाहिली, की ही माणसं झोपली कधी असतील, असंच वाटतं. पण कंपनी त्यांची होती, निर्णय त्यांचे, नाव त्यांचं. फ्लॅट विकणाऱ्याला बुडण्याचा आणि तरण्याचा दोन्ही हक्क होता. आओबाला यांतला एकही नाही. तिच्या रात्री प्रकाशकाच्या खात्यात जमा होतात. आवडीची थोरवी सांगणाऱ्या प्रत्येक भाषणात हा फरक पुसला जातो, आणि तो पुसणारे बहुधा मालकाच्या बाजूच्या खुर्चीत बसलेले असतात.

दुसऱ्या सत्राच्या अखेरीस यागामी को राजीनाम्याची धमकी देत नाही, पगारवाढ मागत नाही. स्वतःला पारखून पाहण्यासाठी ती फ्रान्समधल्या एका गेम कंपनीत जाते. विमानतळावर सहकारी रडतात आणि मालिका तिथं थांबते. हे प्रसारण सप्टेंबर 2017चं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गेम बनवणाऱ्या कामगारांची स्वतःची संघटना, एसटीजेव्ही, स्थापन झाली. पुढच्या फेब्रुवारीत पॅरिसच्या युजेन सिस्टिम्स या गेम स्टुडिओतले 21 कर्मचारी पगार आणि ओव्हरटाइमसाठी संपावर गेले. को खरीखुरी असती, तर नव्या देशातल्या तिच्या पहिल्याच हिवाळ्यात, तिच्यासारखंच काम करणारी आणि त्यावर तितकंच प्रेम असणारी माणसं काम बंद ठेवून तासांचा हिशेब मागताना तिनं पाहिली असती.