प्रिंटरला आलेली नोटीस

बिटटोरंटवरून चित्रपट उतरवून घेणारा संगणक तो घेता घेता इतरांना वाटतही असतो. अमेरिकी प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या या पद्धतीची मेख इथेच आहे. फाइल कुठल्या एका सर्व्हरवर नसते. तिचे शेकडो-हजारो तुकडे केलेले असतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो, तो मागणाऱ्याला देतो. देवाणघेवाण करायची तर एकमेकांचे पत्ते माहीत हवेत. त्यामुळे एखादी फाइल उतरवणाऱ्या सगळ्यांचे आयपी ॲड्रेस त्या झुंडीत शिरलेल्या कोणालाही दिसतात. पायरसीचा माग काढणाऱ्या कंपन्या नेमके हेच करतात. त्या झुंडीत शिरतात, पत्त्यांची यादी आणि वेळ टिपून घेतात, मग तो पत्ता कोणत्या संस्थेच्या नावावर आहे हे सार्वजनिक नोंदींत पाहतात. घरगुती ग्राहकाचे नाव इंटरनेट कंपनीकडून मागवावे लागते. मोठ्या कार्यालयांचे मात्र बहुधा स्वतःच्या नावावर नोंदवलेले पत्ते असतात, त्यामुळे त्यांचे नाव मिळायला काही मिनिटेही लागत नाहीत.

डिसेंबर २०११ मध्ये याचा चांगलाच बभ्रा झाला. 'यू हॅव डाउनलोडेड' या साइटने टोरंटच्या झुंडींतून गोळा केलेल्या पत्त्यांचा साठा सर्वांसाठी खुला केला होता. कोणीही पत्ता टाकावा आणि त्यावरून काय काय उतरवले गेले ते पाहावे. पत्रकारांनी त्यात सामान्य माणसांचे पत्ते टाकण्याऐवजी बड्यांचे टाकून पाहिले. सोनी, युनिव्हर्सल आणि फॉक्स या हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या नावावरचे पत्ते सापडले. त्यांवरून उतरवलेल्यांत इतर कंपन्यांचे चित्रपट आणि मालिकाही होत्या. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाचे पत्तेही निघाले. याच प्रासादात बसून निकोला सार्कोझी यांनी २००९ मध्ये हडोपी कायद्याचा आग्रह धरला होता. दोनदा ताकीद देऊनही पायरसी न थांबवणाऱ्याची इंटरनेट जोडणी तोडायची, अशी त्या कायद्याची मूळ कल्पना.

सर्वांत बोलके उत्तर आले ते आरआयएए या अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेचे. तिच्याकडे असलेल्या पत्त्यांवरूनही डाउनलोड झाल्याचे दिसत होते. संघटनेचा खुलासा असा की ते पत्ते बाहेरचा एक पुरवठादार आमची वेबसाइट चालवण्यासाठी वापरतो, आमचे कर्मचारी त्यांवरून इंटरनेट वापरत नाहीत. खुलासा खरा असू शकतो; तो खोटा ठरवायला त्या साठ्यात काहीच नव्हते. पण २००३ ते २००८ या काळात याच संघटनेच्या सदस्य कंपन्यांनी आयपी ॲड्रेसच्या आधारे हजारो सामान्य लोकांवर दावे लावले होते. जोडणी माझी असली तरी वापरणारा मी नव्हतो, हे त्यांतले कित्येक जण सांगत होते. दुसऱ्याच्या तोंडी सबब वाटणारी गोष्ट स्वतःवर वेळ आली की तांत्रिक वस्तुस्थिती होते. या प्रकरणाचा नैतिक गाभा हाच आहे. चोरी कोणी केली हा प्रश्न त्यापुढे दुय्यम म्हणावा लागेल.

ती वस्तुस्थिती कार्यालयात नेमकी कशी असते? बाहेरच्या जगाला कार्यालयाचा एकच पत्ता दिसतो. आत शंभर संगणक, त्यांहून अधिक मोबाइल, सीसीटीव्ही, हजेरीचे यंत्र, प्रिंटर हे सारे त्याच एका पत्त्याच्या आड असते. आतला प्रत्येक क्रमांक राउटर तात्पुरता देतो. सकाळी लेखा विभागातल्या लॅपटॉपला मिळालेला क्रमांक, तो लॅपटॉप बंद झाला की, संध्याकाळी बैठकीच्या खोलीतल्या पाहुण्याच्या फोनला मिळू शकतो. कोणत्या वेळी कोणता क्रमांक कोणाकडे होता याचा लॉग ठेवलेला असेल, तरच पुढचा माग लागतो. लहान कार्यालयांत राउटर लावून दिला की त्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वीज गेली की आतला लॉग पुसला जातो. वाय-फायचा पासवर्ड स्वागतकक्षातल्या फळ्यावर लिहिलेला असतो आणि तो कुरिअरवाल्यापासून इंटर्नपर्यंत सगळ्यांना पाठ असतो. उपकरणाचा मूळ हार्डवेअर क्रमांक तरी कायम राहील म्हणावे, तर अँड्रॉइडने २०१९ पासून आणि आयफोनने २०२० पासून प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट क्रमांक दाखवायला सुरुवात केली. हेतू ग्राहकाच्या खासगीपणाचा, पण कार्यालयातला माग तिथेही विरळ होतो.

माग काढणाऱ्यांच्या पद्धतीतही खोट असते. वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल पियाटेक, तादायोशी कोनो आणि अरविंद कृष्णमूर्ती यांनी २००८ मध्ये ती उघडकीस आणली. झुंडीतल्या सभासदांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला ट्रॅकर म्हणतात. झुंडीत येणारा संगणक ट्रॅकरला आपला पत्ता कळवतो आणि काही ट्रॅकर तो न तपासता लिहून घेतात. संशोधकांनी ट्रॅकरला स्वतःच्या पत्त्याऐवजी विभागातल्या लेझर प्रिंटरांचे आणि एका वायरलेस ॲक्सेस पॉइंटचे पत्ते कळवले. थोड्याच दिवसांत त्या प्रिंटरांच्या नावे कॉपीराइटभंगाच्या नोटिसा विद्यापीठात येऊन पडल्या. कागदावर छापण्यापलीकडे ज्याला काही येत नाही, तो प्रिंटर चित्रपट वाटत असल्याचा आरोप होता. नोटीस काढणाऱ्यांनी संशयित पत्त्याशी जोडणी करून चित्रपटाचा एखादा तुकडा खरोखर मिळतो का, एवढेही पाहिले नव्हते. यादीत पत्ता दिसला एवढे त्यांना पुरले. तुकडा प्रत्यक्ष मागून, मिळवून, त्याची मूळ फाइलशी पडताळणी करणे ही अधिक पक्की पद्धत आहे. तिला वेळ आणि पैसा लागतो. पण तीही फार तर त्या जोडणीमागे ती फाइल होती एवढेच सिद्ध करते.

माग काढण्यात कोणाचे हितसंबंध आहेत, हेही पाहावे लागते. अमेरिकेत प्रेंडा लॉ या वकिली पेढीच्या दोन सूत्रधारांनी स्वतःच मिळवलेले, प्रसंगी स्वतःच चित्रित केलेले प्रौढ चित्रपट टोरंटवर टाकले. ते उतरवणाऱ्यांचे पत्ते टिपले आणि बदनामीची भीती घालून तडजोडीचे पैसे उकळले. दोघांनी गुन्हा कबूल केला आणि २०१९ मध्ये एकाला चौदा, दुसऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तंत्र तेच होते आणि पत्तेही बहुधा खरेच होते.

भारतात अडचण आणखी एका पायरीने वाढते. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस सुमारे ४२९ कोटींच्या पलीकडे जाऊच शकत नाहीत, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा २०११ मध्येच जवळजवळ संपला. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. त्यांतला नेमका ग्राहक ओळखायचा तर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते. तक्रारीत पोर्ट नसेल तर पुढे जाता येत नाही. परदेशी सर्व्हरची वेळ अनेकदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. हे रूपांतर एखाद्या कारकुनाच्या हातून चुकले, तर पत्ता तोच राहतो पण त्यामागचा माणूस बदलतो.

चुकीच्या नावाची किंमत काय असते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या संशयावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. दूरसंचार कंपनीने आयपी ॲड्रेसवरून जे नाव दिले ते भलत्याच ग्राहकाचे होते. चूक पुढे मान्य झाली, पण तोवर सुमारे पन्नास दिवस तो अभियंता येरवड्याच्या तुरुंगात होता. पायरसीचे हे प्रकरण नव्हे. पण पत्ता, वेळ, नाव आणि अटक ही साखळी तीच, आणि तिचा एक दुवा निखळल्याचे कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण संगणकातून आलेल्या नोंदीला उलटा प्रश्न विचारायची सवय कोणाला नव्हती.

न्यायालयांना ती सवय हळूहळू लागली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायदंडाधिकाऱ्यांनी म्हटले की टेलिफोनचे बिल भरणाऱ्यानेच अमुक एक फोन केला असे जसे गृहीत धरता येत नाही, तसेच आयपी ॲड्रेसच्या ग्राहकाचे आहे. २०१८ मध्ये 'द कॉब्लर' या चित्रपटाच्या दाव्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तोच निर्वाळा दिला. तिथली जोडणी प्रौढांच्या एका देखभालगृहाची होती आणि ती रहिवासी वापरत, पाहुणेही वापरत. जोडणी नावावर आहे एवढ्यावर दावा उभा राहत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मग कामाच्या ठिकाणची चोरी शोधताच येत नाही असे मात्र नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या हंगामाचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला. फुटलेल्या प्रतीवर स्टार इंडियाचा वॉटरमार्क होता, त्यामुळे ती कोणत्या साखळीतून बाहेर पडली हे पहिल्याच दिवशी ठरले. स्टारसाठी ते भाग हाताळणाऱ्या कंपनीनेच पोलिसांत तक्रार दिली आणि मुंबईत तिच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांपैकी चौघांना अटक झाली. इथे माग बाहेरून आत आला नाही; तो फाइलवरच छापलेला होता. कोणत्या खात्याने ती कधी उघडली याच्या आतल्या नोंदी त्याला जोडता येत होत्या. अर्थात लॉगिन आणि पासवर्ड चार जणांत वाटून वापरण्याची आपल्याकडची रीत पाहता, खात्याचे नाव म्हणजे खातेदाराचा हात, असे इथेही लगेच म्हणवत नाही.

कार्यालयातली सर्वांत मोठी पायरसी मात्र चित्रपटांची नसते. ती असते कामाच्या सॉफ्टवेअरची. डिझायनरचा क्रॅक केलेला फोटोशॉप, आर्किटेक्टचा ऑटोकॅड, डीटीपीवाल्याचा कोरलड्रॉ. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीनुसार भारतात बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते. आकडा पीडित पक्षाचा आहे हे ध्यानात ठेवूनही तो लहान नाही. इथला माग वेगळा. बरीचशी सॉफ्टवेअरे इंटरनेट मिळताच आपल्या कंपनीला संगणकाचे नाव, हार्डवेअर क्रमांक आणि कधी कधी ईमेलचे डोमेन कळवतात. हा पुरावा टोरंटच्या यादीपेक्षा कितीतरी भक्कम, कारण यंत्र स्वतःच बोलते.

पण ते क्रॅक बसवले कोणी आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे तेही सांगत नाही. परवान्याचे पैसे वाचतात ते मालकाचे. बसवणारा असतो आठवड्यातून एकदा पेनड्राइव्ह घेऊन येणारा हार्डवेअरवाला, आणि सापडतो तो त्या खुर्चीवर बसणारा ऑपरेटर. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार, प्रत बेकायदा आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम ६९ कंपनीच्या कारभाराला जबाबदार असलेल्यांनाही गुन्हेगार ठरवते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे. कायदा वरच्या खुर्चीकडेही पाहतो. कार्यालयीन चौकशीची नजर बहुतेक वेळा खालच्या खुर्चीवर थांबते.

आणि नोकरी जाते ती या चौकशीत. फौजदारी खटल्यात संगणकीय नोंद मांडायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अनिवार्य ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवण्याची भर घातली. खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नाही. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात १९७७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले होते. तिथे शक्यतेचे पारडे झुकले की पुरते. याचा अर्थ असा की ज्या नोंदीवर न्यायालय कदाचित कोणाला एक दिवसही कैदेत ठेवणार नाही, तिच्यावर कारणे दाखवा नोटीस, निलंबन आणि राजीनामा हे सगळे एका आठवड्यात उरकू शकते. नियम सैल आहेत म्हणून चौकशी अधिकाऱ्याचा विवेकही सैल असावा, असे त्या निकालात कुठेही नाही.

त्या चौकशीत काय पाहता येईल हे ठाऊक नसलेले नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. तक्रारीतली वेळ भारतीय वेळेत बदलून घ्यायची, त्या क्षणी आतला क्रमांक कोणत्या यंत्राकडे होता ते पाहायचे, ते यंत्र तेव्हा कोणाच्या लॉगिनवर चालू होते आणि तो माणूस त्या वेळी हजर होता का ते हजेरीशी ताडायचे. आयटीवाल्याने फॉरमॅट मारण्याआधी डिस्कची प्रत काढून ती फाइल तिथे खरोखर आहे का हेही पाहायचे. यांतले काही हाती लागले नाही, तर अहवालात एवढेच लिहिता येते की डाउनलोड कार्यालयाच्या जोडणीवरून झाले असावे, व्यक्ती निश्चित झाली नाही. मग नोटिशीला उत्तर द्यायचे काम जोडणी जिच्या नावावर आहे त्या कंपनीकडेच राहते.