पत्ता आणि विशेष
घरच्या वाय-फायवर दोन उपकरणांनी १९२.१६८.१.१० हा एकच आयपी पत्ता घेतला, की डेटा कधी एकाकडे जातो, कधी दुसऱ्याकडे. मग उपकरणाची ओळख कशात असते? वैशेषिक दर्शनाने सारख्याच परमाणूंना वेगळे ठेवणारा ‘विशेष’ हा पदार्थ मानला. तो स्वतःच वेगळा असल्याने पुढचा भेदक शोधावा लागत नाही. नेटवर्कमध्ये हे काम उपकरणाच्या हार्डवेअरचा मॅक पत्ता करतो, पण कामचलाऊ: हल्लीचे फोन तो मुद्दाम बदलतात. तंटा मिटवायला मात्र दर्शन लागत नाही. हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे राउटर आपोआप करतो त्या, वाटपाबाहेरचा असावा, किंवा राउटरमध्ये मॅकनुसार राखून ठेवावा. २००८ च्या आरएफसी ५२२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे उपकरणाने पत्ता वापरण्याआधी तो कोणाकडे आहे का, हे एआरपी संदेशाने नेटवर्कवर विचारायचे असते. उत्तर आले, तर तो पत्ता वापरायचा नाही.