शरीराच्या वेगाने

विल्यम गिल्बर्टने 1600 साली लिहून ठेवले आहे : घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला की थेंब शंकूसारखा त्याच्याकडे ओढला जातो. त्या शंकूचे गणित जेफ्री टेलरने 1964 मध्ये मांडले. आज प्रयोगशाळेत पॉलिमरचे द्रावण सिरिंजमध्ये भरून सुईला दहा-वीस हजार व्होल्ट देतात, तेव्हा सुईच्या टोकाशी तोच शंकू उभा राहतो. त्याच्या शेंड्यातून सुटलेली धार हवेत वळसे घेत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर पांढरेशुभ्र सूत साचू लागते. एकेक तंतू जेमतेम काहीशे नॅनोमीटर जाडीचा, केसाच्या शेकडो पट बारीक.

आपल्या पेशी ज्या कोलॅजेनच्या जाळ्यात राहतात, त्याचे धागेही जवळपास एवढेच बारीक असतात. म्हणून या सुतावर सोडलेल्या पेशी त्याला धरतात, पसरतात, स्वतःचे कोलॅजेन विणू लागतात. तंतू एका दिशेने अंथरले तर त्याही त्याच दिशेने लांबतात. द्रावणातच औषध मिसळले असेल, तर ते जखमेवर तिथल्या तिथे झिरपते. मात्र पुष्कळदा पहिल्या काही तासांतच बरेचसे औषध निघून जाते. ते अडवायला औषध गाभ्यात आणि वर दुसऱ्या पॉलिमरचे आवरण, असे दुपदरी तंतू काततात.

मला या साऱ्यात मोठे वाटते ते वेळेचे भान. सूत ही परांची आहे. ती फार लवकर विरघळली तर कोवळी उती ढासळते, फार रेंगाळली तर तीच वाट अडवते. पीएलजीए हा पॉलिमर आठवड्यांत किंवा महिन्यांत विरतो, पीसीएलला दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागतात. कोणता निवडायचा, हे बऱ्या होणाऱ्या अवयवाच्या चालीवर ठरते. संशोधकाच्या घाईला तिथे जागा नाही.

घाई झाली तेव्हा काय झाले, तेही विसरता येत नाही. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात 2011-12 मध्ये शल्यविशारद पाओलो माकियारिनी यांनी तिघांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. त्यांत अशाच कातलेल्या तंतूंची नळीही होती. त्यावर पेशी सोडल्या की नळी जिवंत होईल, असे सांगितले गेले. ती झाली नाही. तिघेही पुढे दगावले आणि 2023 मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने शल्यविशारदाला तुरुंगवास ठोठावला. दोष सुताचा नव्हता. प्राण्यांवर नीट तपासून न पाहिलेली गोष्ट माणसाच्या छातीत ठेवली गेली होती.

म्हणून या तंतूंची जी लहान कामे उभी राहिली आहेत, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. जखमेवर ठेवायचे, हळूहळू विरून जाणारे तंतूंचे आच्छादन आज रुग्णांसाठी वापरात आहे. त्यामुळे मधुमेह्याच्या पायावरच्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेला कातडीची कड पुढे सरकवायला जागा मिळते. श्वासनलिकेला अजून वेळ आहे.